थंडी निघाली की

आळंदीची कार्तिकी वारी झाली, माउलींच्या समाधीवर फुलं पडली आणि दिंड्या आपापल्या गावाला परतल्या, की आमच्या निघोज्यात खरी थंडी उतरते. त्याआधी कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर देवळात काकडा असतो. पहाटे अंघोळ करून निघताना गारठा असतोच, पण तो अंगाला लागत नाही. टाळ हातात आला की बोटं आपोआप गरम होतात. काकड्याचा काला होतो, वारी होते आणि मार्गशीर्षात एकदम रिकामं रिकामं वाटायला लागतं. जाग जुन्याच वेळेला येते, पण जायचं कुठं नसतं. मग पांघरुणात पडून आज गारठा किती आहे याचा अंदाज घ्यायचा. तिथून होळीपर्यंतचे दिवस म्हणजे नुसती वाट बघण्याचे दिवस.

यंदा ही वाट फार लांबली. कारण आई.

आईचं वय ब्याऐंशी. गळ्यातली माळ लग्नाच्याही आधीची. आळंदीची कार्तिकी तिनं लग्न होऊन या गावात आल्यापासून कधी चुकवली नव्हती. ती पूर्वी चालत जायची, गुडघे गेल्यावर एसटीनं, मग रिक्षानं. यंदा दम्यानं उचल खाल्ली आणि पहिल्यांदाच तिची वारी चुकली. डॉक्टरांनी तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या : धूर, धूळ आणि गार वारा. या तिन्ही गोष्टी नाहीत अशी जागा चाकणच्या या पट्ट्यात कुठं आहे, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एकादशीच्या दिवशी ती ओट्यावर घोंगडी पांघरून पूर्वेकडं तोंड करून बसली होती. मी मोबाईलवर आळंदीचं कीर्तन लावून दिलं. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर. डब्यातून ऐकल्यावानी वाटतंय." मला वाईट वाटलं. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, थंडी निघाली की तुला देहूला नेतो. बीजेला. यंदा तुकोबारायांच्या वैकुंठगमनाला ३७५ वर्षं होतायत, मोठा सोहळा आहे."

"कधी निघती थंडी?"

"होळीला."

"बरं," ती म्हणाली आणि परत पूर्वेकडं बघत बसली.

माझ्या तोंडून हे वाक्य फार सहज गेलं, कारण ते माझ्या तोंडात बसलेलं आहे. थंडी निघाली की विहिरीचा गाळ काढू. थंडी निघाली की घराला रंग देऊ. वडिलांनाही मी हेच म्हणालो होतो. ते साल १९९८. त्यांना माघी वारीला पंढरपूरला जायचं होतं. आषाढी त्यांनी पुष्कळ केल्या, पण माघीला गर्दी कमी असते, देवाजवळ जरा वेळ उभं राहता येतं, असं ते म्हणत. शेतात हरभरा उभा होता. मी म्हणालो, एवढी थंडी निघू द्या, हरभरा काढू, मग चैत्री वारीला आपण दोघं जाऊ. ते पौषातच गेले. त्यावर कुणी मला बोललं नाही. आई तर नाहीच नाही. पण दरवर्षी हरभऱ्याला घाटे धरले की मला ते आठवायचं. आता हरभराच राहिला नाही, तरी आठवतं.

ज्यांनी निघोजे आत्ताच पाहिलंय त्यांना इथं हरभरा होता हे खरं वाटणार नाही. एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या आणि २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. आमच्याही जमिनीचा मोठा भाग गेला. पैसे मिळाले, घर झालं, घरामागं दहा खोल्या बांधल्या, मुलगा कंपनीत लागला. तक्रार करायला तोंड नाही. पण पूर्वी थंडी कळायची ती पिकावरून. मार्गशीर्षात ज्वारीला हुरडा, पौषात हरभऱ्याचा हावळा. आई हरभऱ्याची आंब धरायची. रात्री धुतलेलं पातळ फडकं हरभऱ्यावर अंथरायचं, पहाटे ते दवानं ओलं चिंब झालेलं असायचं, ते पितळेच्या वाटीत पिळायचं. जिभेला लावलं की डोळे मिटावेत इतकं आंबट. वर्षभर घरात कुणाच्या पोटात दुखलं तर त्याचे थेंब पाण्यातून मिळायचे. थंडी जितकी कडक तितकी आंब चांगली, म्हणून आई थंडीला कधी नावं ठेवायची नाही.

आता थंडी कळते ती शेकोटीवरून. सकाळच्या पाळीची पोरं अंधारात बसथांब्यावर उभी असतात. कानाला रुमाल, पाठीला पिशवी, हात बगलेत. कुणीतरी मोडक्या पॅलेटच्या फळ्या पेटवतं, कुणी त्यात पुठ्ठा आणि प्लॅस्टिक टाकतं. तो धूर वर जात नाही. थंडीत हवा जडच असते. तो गल्लीतून सरपटत येतो आणि बरोब्बर आईच्या खिडकीशी थांबतो. मी एकदोनदा त्या पोरांवर ओरडलो. मग एका पहाटे जवळ जाऊन पाहिलं. विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहारमधली पंचवीस-तिशीच्या आतली पोरं. एकाच्या अंगात स्वेटरही नव्हता. त्यांना काय बोलायचं? मी एवढंच सांगितलं की प्लॅस्टिक टाकू नका, आमची म्हातारी दम्याची आहे. त्यांनी ऐकलं. दोन दिवस ऐकलं, मग नवी पोरं आली. पुन्हा सांगितलं.

नदीवरही धुकं येतं. आमची इंद्रायणी कुरवंड्याच्या डोंगरात उगवते आणि देहूवरून निघून आमच्या शिवेवरून आळंदीला जाते. म्हणजे तुकोबांच्या पायाशी लागून आलेलं पाणी माउलींच्या पायाशी जायच्या वाटेवर आमच्याकडं येतं. लहानपणी याचा आम्हाला केवढा अभिमान होता. पौषातल्या पहाटे पाण्यातून वाफ निघायची आणि आई म्हणायची, नदीला ऊब असती, पाय घाल. आता पांढरं काही दिसलं तर धुकं आहे की फेस आहे, हे आधी बघावं लागतं. आळंदीच्या घाटावरचा फेस तर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलाय. कारखाने आले तेव्हा जमिनीचे पैसे मीही मोजून घेतले होते, म्हणून त्या फेसाकडं बोट दाखवताना माझं बोट जरा वाकतं.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सुदुंबऱ्याला संताजी महाराज जगनाड्यांची पुण्यतिथी असते. मी गेलो, आई घरी. संताजी म्हणजे आमच्या चाकण भागाचं माणूस. तेलाचा घाणा हा घरचा धंदा, आणि तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांतले एक. तुकोबा बोलत गेले आणि संताजी लिहीत गेले. त्या लिहिण्याचे आपल्यावर किती उपकार आहेत ते वारकऱ्याला सांगायला नको. तिथं कीर्तनात ती कथा निघाली. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेलीच. दोघांचं ठरलं होतं की जो आधी जाईल त्याला दुसऱ्यानं मूठमाती द्यायची. तुकोबा आधी वैकुंठाला गेले. पुढं संताजींनी देह ठेवला तेव्हा लोक माती लोटत राहिले, सगळा देह झाकला, पण चेहरा काही झाकेना. शेवटी तुकोबाराय आले, त्यांनी तीन मुठी माती घातली आणि मग चेहरा झाकला गेला.

मी ही कथा शंभर वेळा ऐकली असेल. दर वेळी मनात यायचं की केवढं हे प्रेम, दिलेल्या शब्दासाठी वैकुंठातून परत आले. यंदा पहिल्यांदाच माझं लक्ष त्या उघड्या राहिलेल्या चेहऱ्याकडं गेलं. शब्द मिळालेला माणूस कसा वाट बघतो ते. आणि मला वडिलांचा चेहरा दिसला. कीर्तन संपेपर्यंत मी मान वर केली नाही. शेजारच्या माउलींना वाटलं असेल, गृहस्थ रंगलाय.

पौष आईला फार वाईट गेला. दिवसा ठीक, रात्री दोननंतर छाती भरून यायची. वाफ द्यायचं मशीन घरात आणून ठेवलं होतं. मुलाला रात्रपाळी, सुनेला लहान लेकरू, त्यामुळं मशीन लावायचं काम माझं. एका रात्री नेमकी वीज गेली. आई उशीला टेकून बसलेली, खांदे वरखाली होतायत, तोंडातून शब्द नाही. मी मागच्या खोल्यांकडं धावलो. आमचा एक भाडेकरू परभणीकडचा आहे, माळकरी आहे, दिवसा कंपनीत आणि उरलेल्या वेळात रिक्षा चालवतो. तो अंगावरच्या बनियनवर उठला. "आज्जीला घ्या, मी गाडी काढतो," एवढंच बोलला. दवाखान्यात तीन रात्री काढल्या. त्यातली पहिली रात्र तो बाहेर रिक्षातच बसून होता आणि सकाळी तसाच पाळीला गेला. भाडं द्यायला गेलो तर म्हणाला, "काका, तिकडं माझीबी आज्जीच हाय."

त्या तीन रात्रींत मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून होळीला किती दिवस राहिले ते मोजत होतो. एकदा मोजून झालं की थोड्या वेळानं परत मोजायचो. आईच्या तोंडावर वाफेचा मास्क, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. मग पांघरुणाच्या बाहेर आलेल्या हाताकडं लक्ष गेलं. अंगठा हलत होता. हातात माळ नव्हती, ती उशाखाली होती, पण अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक पुढं सरकत होता. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळेला मास्कच्या आत ओठ हलायचे. आवाज येत नव्हता, पण कुठला अभंग चाललाय ते मला ओठांवरून कळत होतं, इतकी वर्षं ऐकलंय.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की थंडी निघायची वाट या घरात मी एकटाच बघतोय. तिला दम लागला होता, त्रास होत होता, पण ती कशासाठी थांबलेली नव्हती. सकाळची ओवी, संध्याकाळचा हरिपाठ, मधली माळ. यातलं काहीही तिनं होळीनंतरवर टाकलेलं नव्हतं. पुढं ढकलायचा उद्योग सगळा माझा होता, आणि मी त्याला तिची काळजी असं नाव दिलं होतं. काळजीही होती, खोटं कशाला बोलू. पण रिक्षा सांगायची, सुट्टी घालवायची, उचलून बसवायचं, हा सगळा त्रास मार्चवर गेला म्हणून मला बरंही वाटलं होतं.

भोगीला ती घरी आली. बाजरीची तीळ लावलेली भाकरी तिनं चतकोर खाल्ली. संक्रांत झाली. तिळातिळानं दिवस वाढायला लागला म्हणतात, तसा वाढलाही असेल, पण पहाटे गारठा होताच.

वसंत पंचमी आली ती २ फेब्रुवारीला. पंचांग काढून बघितलं तर वसंत ऋतू चैत्र-वैशाखात आणि माघ भर शिशिरात. पण आपल्या पांडुरंगाचं पंचांग निराळं. पंढरपूरला पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं आणि त्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख करून त्यावर रंग-गुलाल उधळतात. त्याआधी थंडीत याच देवाच्या अंगावर रजई, खांद्यावर शाल आणि कानाला कानपट्टी असते. देवाला थंडी वाजते हे समजायला वारकऱ्याचंच मन लागतं. पावसाळाभर कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला तो, कार्तिकीची गर्दी सोसलेला तो, त्याला मार्गशीर्षात कुणीतरी कान बांधून दिले पाहिजेत.

त्याच दिवशी आमच्या मागच्या खोल्यांतल्या बिहारच्या पोरांनी सरस्वतीची छोटी मूर्ती आणली होती. त्यांच्याकडं हा मोठा सण. पिवळे सदरे घातले होते, आणि कामावर दांडी मारल्यामुळं चेहऱ्यावर आनंद होता. आईला त्यांनी बुंदी आणि बोरं आणून दिली. तिनं विचारलं, कुठल्या देवाचा प्रसाद? पोरानं हिंदीत सांगितलं. तिला किती समजलं कोण जाणे, पण तिनं बोर कपाळाला लावलं आणि मला म्हणाली, "आपल्याकडं आज पांडुरंगाचं लगीन. ह्यास्नीपण काहीतरी गोड दे." सुनेनं शिरा केला.

संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर ती म्हणाली, "देहूला कधी जायचं?"

"बीजेला. ठरलंय ना आपलं."

"बीजेला एवढी माणसं. त्यात मला तू कुठं उभी करणार? कावडीत घालणार का?"

"अगं, पण थंडी..."

"मला शाल दे, कान बांध. पांडुरंगाचं बांधत्यात तसं. बुधवारी जाऊ."

माझ्या मनात दहा कारणं आली. तळवड्याच्या रस्त्यावरची वाहनांची कोंडी, धूळ, डॉक्टरांचं सांगणं, घरातल्यांचा राग. शिवाय दोनच दिवसांनी माघ शुद्ध दशमी, ज्या तिथीला बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात तुकोबारायांना रामकृष्णहरी मंत्र दिला ती. त्या निमित्तानं भंडारा डोंगराकडं गर्दी होणार. यातलं एक कारण मी उघडून सांगणारही होतो. पण सुदुंबऱ्याचं कीर्तन आठवलं आणि गप्प बसलो.

बुधवारी ऊन चढल्यावर निघालो. परभणीच्या माउलीचीच रिक्षा. दोन्ही बाजूंना पडदे ओढलेले, आई मधे, अंगावर शाल, डोक्यावर पदर आणि पदरावरून माझ्या जुन्या उपरण्याची कानपट्टी. इंद्रायणीचा पूल ओलांडताना तिनं पडदा बाजूला करायला लावला. नदीला हात जोडले. वासही आला असणारच, पण तिनं तोंड फिरवलं नाही.

देहूत साधाच दिवस होता. देवळात जेमतेम पन्नास माणसं. विठ्ठल-रुक्मिणीचं दर्शन झालं. तुकोबारायांच्या शिळेसमोर ती खाली बसली आणि बराच वेळ उठेना. गाथा नदीत गेल्यावर तेरा दिवस तुकोबा याच शिळेवर अन्नपाण्यावाचून पडून राहिले होते. वर आता २०२२ साली झालेलं नवं शिळा मंदिर आहे. आईनं देऊळ पाहिलं की नाही माहीत नाही. ती शिळेकडंच बघत होती. मागून एक बाई म्हणाली, "आज्जी, पुढं सरका." तर ही म्हणाली, "सरकते बाई, एवढी माळ होऊ दे." ती बाईही मग तिच्याजवळ बसली.

तिथून गोपाळपुऱ्यात वैकुंठगमनाच्या जागी नेलं. नांदुरकीचा तो वृक्ष. फाल्गुन वद्य द्वितीयेला, बीजेच्या दिवशी, दुपारी बारा वाजता तो हलतो अशी आपली श्रद्धा, आणि तो क्षण बघायला लाखांनी माणसं जमतात. त्या बुधवारी झाडाखाली चार-पाच म्हाताऱ्या आणि एक कुत्रं होतं. ऊन पानांतून खाली पडलं होतं. मी आईला पारावर बसवलं, पाण्याची बाटली दिली. बाराचा सुमार असेल. तिनं वर पाहिलं आणि हात जोडले.

मीही वर पाहिलं. शेंड्याची पानं हलत होती.

"वारा आहे आई," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

"असू दे की," ती म्हणाली. "वाऱ्यानं का होईना."

रात्री ती खोकली. घरात मला सगळ्यांनी फैलावर घेतलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. दोन रात्री मशीन लावावं लागलं, तिसऱ्या दिवशी खोकला बसला. मला त्या दोन रात्री भीती वाटली. पण कॅलेंडर काही मोजलं नाही.

हे लिहितोय तेव्हा माघातला वद्यपक्ष चाललाय. महाशिवरात्र आठवड्यावर आली आहे. त्या दिवशी थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आमच्याकडं म्हणतात. जाईल किंवा आणखी चार दिवस राहील. देवळासमोरच्या पिंपळाची पानं गळायला लागली आहेत. आमच्या बांधावरच्या आंब्यांपैकी घराशेजारचा एकच वाचला, त्याला मोहोर आलाय, आणि पहाटेच्या धुक्यानं तो काळा पडू नये म्हणून माझा जीव खालीवर होतोय. बसथांब्यावरच्या शेकोटीत कालच कुणीतरी पुन्हा प्लॅस्टिक टाकलं. उद्या सांगायला जायचं आहे.

बीजेला काय करायचं ते आईनंच ठरवलंय. मी देहूला जायचं, झाड हललं की हात जोडायचे, येताना बुक्का आणायचा. तिनं घरीच राहायचं, बारा वाजता ओट्यावर बसायचं.

आत्ताही ती ओट्यावर बसली आहे. ऊन तिच्या गुडघ्यापर्यंत आलंय. मघापासून कानपट्टी सोड म्हणून मागं लागली आहे. मी म्हणालो, राहू दे, होळीपर्यंत तरी राहू दे. तर म्हणते, "तिकडं पांडुरंगानं पांढरी कापडं घातली, अंगावर रंग उडायला लागला, आन् मला तू अजून बांधून ठेवलंयस व्हय रं?"

गाठ जरा घट्टच बसली आहे. लिहिणं ठेवतो आणि सोडून देतो.